हाफलिंग आठव्या लेव्हलला का थांबतो: जुन्या नियमांतले क्लास आणि मर्यादा आपल्या टेबलासाठी बदलताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं चालवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर हात बसलेला खेळाडू जुन्या नियमांच्या टेबलावर आला की पहिल्याच बैठकीत दोन ठिकाणी अडखळतो. इथे एल्फ हा स्वतःच एक क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, असतो. एल्फ घेऊन वर फायटर व्हायचं की जादूगार, हा प्रश्नच येत नाही. आणि खेळातल्या काल्पनिक जमातींपैकी हाफलिंग आठव्या, एल्फ दहाव्या, ड्वॉर्फ बाराव्या लेव्हलला थांबतो, माणूस मात्र पुढे चालत राहतो. "दादा, हा कुठला न्याय?" असं इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या टेबलावर प्रत्येक नवा खेळाडू विचारतो, आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "काढून टाकू ना ही मर्यादा."

काढता येते. पण ती एकटी उभी नाही. तिच्या अलीकडे एक्सपीचा, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांचा, रकाना आहे, त्याच्याही अलीकडे पहिल्या लेव्हलला मिळणाऱ्या सवलती आहेत, आणि एकाला हात लावला की बाकीचे हलतात. इंदुरात स्वतःचा गेम सुरू करू पाहणाऱ्यांनी ही मोडतोड कोणत्या क्रमाने करावी, ते इथे सांगतो. आकडे सगळे १९८१ च्या बेसिक आणि एक्सपर्ट पुस्तकांतले आहेत.

पायरी १: नियम मिळवा आणि आधी जसेच्या तसे वाचा

१९८१ ची मूळ पुस्तकं शोधत बसू नका. २०१९ मध्ये आलेल्या ओल्ड-स्कूल एसेन्शियल्समध्ये तेच नियम नीट मांडलेले आहेत आणि त्याची बेसिक पुस्तिका फुकट मिळते. बेसिक फॅन्टसी हा दुसरा पर्याय, तोही फुकट. क्लासची पानं प्रिंट करून घ्या, बाकीचं मोबाइलवर चालतं. चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे ऑनलाइन मागवावे लागतात. ते येईपर्यंत वाटीत आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून उचला. यात कमीपणा नाही: फाशांची टंचाई होती तेव्हा हा खेळ काढणाऱ्या खुद्द टीएसआर कंपनीने बेसिकच्या डब्यात फाशांऐवजी चिठ्ठ्या घालून विकल्या होत्या.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण "मूळ नियम" म्हणून कोणी वाद घातला तर कुठले मूळ, हे विचारता येतं. १९७४ च्या पहिल्या डब्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. चोर १९७५ च्या पुरवणीत आला. त्या पहिल्या डब्यात ड्वॉर्फ सहाव्या लेव्हलला थांबायचा आणि हाफलिंग तर चौथ्यालाच. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड नियमांत रेस (जमात) आणि क्लास वेगळे होते आणि कुठल्या रेसने कुठल्या क्लासमध्ये कुठवर जायचं याचे तक्ते आले. १९८१ च्या बेसिकने रेस हाच क्लास केला. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि मर्यादा पूर्णपणे गेली. म्हणजे ही रेघ पहिल्यापासून सरकतच आली आहे. ती का होती, याचं उत्तर खेळाच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने स्पष्ट दिलेलं आहे: त्याला माणसांचं जग हवं होतं, एल्फ आणि ड्वॉर्फ त्यात पाहुणे. हे तुम्हाला पटो वा न पटो, तुमच्या गेममध्ये माणसांचं जग हवं आहे का, हे आधी ठरवा. बरेच निर्णय त्यावरून सुटतात.

पायरी २: मर्यादा नंतर, एक्सपीचा रकाना आधी

नवखा माणूस तक्त्याची शेवटची ओळ बघतो. बघायला हवी दुसरी.

दुसऱ्या लेव्हलला पोहोचायला चोराला १२०० एक्सपी लागतात, क्लेरिकला १५००, फायटरला २०००, ड्वॉर्फला २२००, जादूगाराला २५०० आणि एल्फला ४०००. हाफलिंगचा रकाना फायटरसारखाच, २००० पासून सुरू.

आता सगळ्यांना सारखेच २०,००० एक्सपी मिळाले असं धरा. चोर सहाव्या लेव्हलला आहे. फायटर, क्लेरिक, जादूगार, ड्वॉर्फ आणि हाफलिंग पाचव्या. एल्फ चौथ्या. एल्फ तलवारही चालवतो आणि मंत्रही म्हणतो, त्याची किंमत तो पहिल्या दिवसापासून हप्त्याने भरत असतो. १,२०,००० ला फायटर आठव्या लेव्हलला पोहोचतो तेव्हा एल्फ सातव्याला असतो. दहाव्या लेव्हलची मर्यादा त्याच्यासाठी फार लांबची गोष्ट आहे: तिथे पोहोचायलाच सहा लाख एक्सपी हवेत, आणि तेवढ्यात फायटर बारावी गाठतो.

म्हणून एल्फच्या मर्यादेवर डोकं खपवू नका. एल्फ भारी वाटत असेल तर तो चौथ्या लेव्हलला असतो तेव्हा बाकीचे कुठे असतात ते बघा, दहाव्याला नव्हे.

हाफलिंगचं मात्र उलट आहे. रकाना फायटरचा, मर्यादा सगळ्यांत खालची. त्याने उधारी अजिबात भरलेली नाही, मग १,२०,००० वर एकदम दार बंद. मर्यादेचा खरा प्रश्न आहे तो या एका क्लासचा.

पायरी ३: पहिल्या लेव्हलला काय मिळतं ते मोजा

मर्यादा अन्यायाची वाटते, कारण तिच्या बदल्यात मिळालेलं कोणी मोजत नाही. सेव्हिंग थ्रोचं, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशाचं, पान उघडा. विषापासून वाचायला वीस बाजूंच्या फाशावर पहिल्या लेव्हलच्या फायटरला १२ किंवा त्याहून जास्त हवेत. पहिल्या लेव्हलच्या हाफलिंगला ८ पुरतात. फायटर त्या ८ वर कधी येतो? सातव्या लेव्हलला, ६४,००० एक्सपी कमावल्यावर. जुन्या गेममध्ये कोळ्याच्या किंवा सापाच्या एका दंशाने कॅरेक्टर संपतं, हे लक्षात घेतलं की या चार आकड्यांचं मोल कळतं. शिवाय रानात हाफलिंग शंभरात नव्वद वेळा दिसेनासा होतो, आणि तेही पहिल्याच लेव्हलला.

ड्वॉर्फला अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं, दगडी बांधकामातले सापळे आणि सरकत्या भिंती सहात दोनदा ओळखता येतात. एल्फला अंधारातली नजर, गुप्त दारं, आणि घूल या प्रेतं खाणाऱ्या भुताच्या स्पर्शाने तो लुळा पडत नाही.

माणसाला? काही नाही. फक्त पुढची वाट मोकळी. मर्यादा काढली की माणसाकडचं हे एकमेव नाणंही खोटं ठरतं, आणि चार बैठकांत टेबलावर माणूस घेणारा कोणी उरत नाही. मर्यादेला हात लावताना माणसाला काय देणार, हे त्याच कागदावर लिहा.

पायरी ४: तुमचा गेम तिथवर जाणार आहे का?

या नियमांत राक्षस मारून फारसं काही मिळत नाही. ऑर्कचे दहा एक्सपी, गॉब्लिनचे पाच; चांगला धिप्पाड ओगर मारला तर १२५, आणि तेही सगळ्यांत वाटून. खरी कमाई खजिन्याची: सोन्याचं एक नाणं सुखरूप परत आणलं की एक एक्सपी. पाच जणांची टोळी असेल आणि हाफलिंगला १,२०,००० वर न्यायचं असेल, तर टोळीने मिळून सुमारे सहा लाख मोहरा बाहेर काढायला हव्यात.

दर रविवारी खेळणारे, आणि दोन-तीन वर्षं एकच गेम धरून ठेवणारे असाल तर हा विचार करा. नाहीतर इंदूरचं तुम्हाला ठाऊकच आहे: कोणाला पुण्यात नोकरी लागते, कोणी बंगळुरूला जातं, आणि पाचव्या-सहाव्या लेव्हलला टोळी पांगते. सहा महिन्यांच्या गेमसाठी मर्यादेवर वाद घालणं म्हणजे साखरपुड्याआधी नातवाचं बारसं. अशा वेळी नियम आहे तसा ठेवा आणि खेळायला बसा.

पायरी ५: चारांतला एक मार्ग निवडा, एकच

दोन मार्ग एकत्र केले की कशाने काय बिघडलं ते कळत नाही.

मर्यादा ठेवून लेव्हलबाहेरची वाढ देणं हा पहिला. हाफलिंगला पैसे जमले की कुठल्याही लेव्हलला स्वतःची वस्ती उभारता येते, ही तरतूद नियमातच आहे आणि बहुतेक लोक ती वाचतच नाहीत. आठव्या लेव्हलच्या हाफलिंगकडे गढी, माणसं आणि शेजारच्या जहागिरदाराशी भांडण असेल, तर एक्सपी कशाला हवेत?

दुसरा, मर्यादेनंतर दुप्पट भाव. ॲडव्हान्स्डच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत अशा संथ चालीची तरतूद होती. फायटरला नवव्यापासून दर लेव्हलला १,२०,००० लागतात. हाफलिंगला २,४०,००० लावा. मग ३,६०,००० ला हाफलिंग नववी गाठतो, तेव्हा फायटर दहाव्याला असतो. ६,००,००० ला हाफलिंग दहावा, फायटर बारावा. दरी वाढत जाते, पण दार बंद होत नाही. एक पथ्य पाळा: हाफलिंगचा विषाचा सेव्ह आठव्या लेव्हलला आधीच ४ वर आलेला असतो, सगळे सेव्ह तिथेच गोठवा. आणि नवव्यानंतर हिट पॉइंटचा (पात्र किती मार सोसतं त्या आकड्याचा) नवा फासा नाही, दर लेव्हलला एकच पॉइंट.

तिसरा मार्ग १९८४ च्या कम्पॅनियन संचातला: लेव्हल तिथेच, हिट पॉइंटही तिथेच, पण पुढच्या एक्सपीवर मारण्याची अचूकता वाढत राहते. कागदावर छान आहे. टेबलावर आणखी एक तक्ता सांभाळावा लागतो, म्हणून नवख्यांना मी तो सांगत नाही.

चौथा, मर्यादा पूर्ण काढा आणि माणसाला भरपाई द्या. बेसिक फॅन्टसी हेच करतं: मर्यादा नाही, माणसाला मात्र प्रत्येक कमाईवर दहा टक्के एक्सपी जास्त. ओल्ड-स्कूल एसेन्शियल्सच्या ॲडव्हान्स्ड पुस्तकातही असा ऐच्छिक नियम आहे. त्यात माणूस हिट पॉइंटचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा ठेवतो. मला हा दुसरा प्रकार आवडतो, कारण त्याचा फायदा पहिल्याच दिवशी दिसतो. दहा टक्क्यांचा हिशेब दर रविवारी कोण करणार?

हाफलिंग घेणारा कोणी असेल तर मी दुसरा मार्ग घेतो, नसेल तर पहिला.

पायरी ६: क्लास माळव्यात आणा

इथे जरा रेंगाळू, कारण इंदुरात बसून इंग्लंडच्या धुक्यातला गेम चालवायची सक्ती कोणी केलेली नाही. विंध्याचे घाट, नर्मदेचे उतार, आणि तळघरासाठी मांडूची चंपा बावडी: विहिरीच्या तळाशी जोडलेल्या कमानींच्या थंड खोल्या तिथे खरोखरच आहेत, नकाशा काढायचे कष्टही वाचतात. लूट विकायला दिवसाचा सराफा. (रात्रीच्या सराफ्यात गराडू खात बसलेल्या टोळीवर हल्ला करायचा की नाही, ते तुमच्या विवेकावर.)

आधी फायटर. जुन्या पुस्तकात प्रत्येक लेव्हलला एक किताब असतो. ते काढून मराठी घोडदळाचे हुद्दे लावा: बारगीर, शिलेदार, हवालदार, जुमलेदार, हजारी, पंचहजारी, आणि नवव्याला गढी बांधणारा सरदार. शिवकाळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी अशी उतरंड होती. त्यामुळे चौथ्या-पाचव्या लेव्हलच्या फायटरच्या हाताखाली किती माणसं असावीत याचा अंदाजही आपोआप मिळतो. हुद्दे सतराव्या शतकातले आणि माळवा अठराव्यातला, हे इतिहासवाल्यांनी पोटात घालावं.

बारगीर आणि शिलेदार यांतला फरक नियमात उतरवता येतो, आणि तो उतरवाच. बारगिराला घोडा आणि हत्यार धन्याकडून मिळतं, शिलेदार स्वतःचं आणतो. सुरुवातीला कॅरेक्टरला तीन फाशांची बेरीज गुणिले दहा इतकी नाणी मिळतात, म्हणजे सरासरी १०५. सवारीचा घोडा ७५ चा. तलवार १०, चामड्याचं चिलखत २०. सगळं मिळून १०५, खिशात शून्य, मशाल आणि दोर कोणाकडून तरी उसना. कोणी मुकाट्याने बारगीर होतो: घोडा आणि तलवार फुकट, नाण्यांतून साखळ्यांचं चिलखत, पण प्रत्येक लुटीतला चौथा हिस्सा धन्याला. हिस्सा जातो तो पैशांतून, एक्सपीतून नाही. नाहीतर कोणीच बारगीर होणार नाही. तिसऱ्या लेव्हलच्या सुमारास धन्याचं ओझं नको होतं आणि शिलेदारी विकत घ्यायची खटपट सुरू होते. कदमबांडे सरदारांच्या घोडदळातून निघालेले मल्हारराव होळकर पुढे माळव्याचे सुभेदार झाले, त्याच वाटेने चालायची गोष्ट आहे ही.

क्लेरिकला देवऋषी करा. धारदार हत्यार नाही, काठी किंवा सोटा चालतो, आणि पहिल्या लेव्हलला मंत्र एकही नाही. फक्त भुतं पळवणं. हे देवऋष्याला जितकं शोभतं तितकं चिलखतातल्या पाद्रीलाही शोभत नाही. भुतं पळवायच्या तक्त्यात सांगाड्यावर दोन फाशांत ७, झॉम्बीवर ९ आणि घूलवर ११ लागतात. रकाने तसेच ठेवून फक्त रहिवासी बदला: खालच्या टोकाला मुंजा, मध्ये हडळ आणि खवीस, शेवटच्या रकान्यात वेताळ. त्याची पालखी समोर आली की पहिल्या लेव्हलच्या देवऋष्याने पळायचं असतं. चोराला नजरबाज करा, नियम तेच.

आता एल्फ-ड्वॉर्फची जागा. इथे एक गोष्ट ठामपणे: खऱ्या माणसांचा कुठलाही समाज या जागेवर बसवू नका. माळवा म्हटलं की कोणीतरी "भिल्ल हा क्लास करू, जंगलात नव्वद टक्के लपतो, आठव्या लेव्हलला थांबतो" असं सुचवतंच. नको. मर्यादेचा नियम कल्पनेतल्या जमातींसाठी आहे. अमुक घरात जन्मलेला अमुक पायरीच्या वर चढत नाही, हे आपल्याकडे खरोखर लादलेलं होतं. टेबलावर ते फाशांनी पुन्हा मांडायचं कारण नाही. भिल्ल फायटर होईल, नजरबाज होईल, चौदाव्या लेव्हलला जाईल.

जागा भरायला यक्ष आणि गंधर्व आहेत. गंधर्व म्हणजे एल्फ, एकही आकडा न बदलता. यक्षावर मात्र थोडं काम करावं लागतं.

ड्वॉर्फचं पान घ्या: आठ बाजूंचा फासा, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) किमान ९, दुसऱ्या लेव्हलला २२०० एक्सपी, मर्यादा १२. अंधारातली नजर राहू द्या. बांधकाम ओळखण्याची कला काढा, तिच्या जागी पुरलेलं धन जाणवणं द्या: दहा मिनिटं एका जागी स्वस्थ बसलं तर दहा फुटांतलं पुरलेलं सोनं सहात दोनदा कळतं, फासा गेम चालवणाऱ्याने लपवून टाकायचा. सोनं म्हणजेच एक्सपी असलेल्या गेममध्ये ही शक्ती दिसते त्यापेक्षा मोठी आहे, म्हणून दहा मिनिटांची अट सोडू नका; तेवढ्या वेळात मशाल जळते आणि भटके राक्षस येऊ शकतात. तरीही जड वाटली तर मर्यादा कमी करण्याऐवजी २२०० चे २५०० करा. पायरी २ मध्ये सांगितलं ते इथेच कामाला येतं: किंमत रोज भरायला लावा, बारा लेव्हलनंतर नाही.

आणि मर्यादा? यक्षाला ती शोभते. कालिदासाचा यक्ष कुबेराच्या शापाने वर्षभर रामगिरीवर अडकला आणि त्याने मेघाला उज्जयिनीवरून वाट सांगितली, म्हणजे आपल्याच अंगणातून. तुमचाही यक्ष शाप भोगायला माळव्यात आलेला आहे. बारावी लेव्हल म्हणजे शापाची मुदत संपली, कुबेराच्या अलका नगरीतून बोलावणं आलं. मर्यादेला जगातलं कारण मिळालं की "हा कुठला न्याय" हा प्रश्न खेळाडू तुम्हाला विचारत नाही, कुबेराला विचारतो. एखादा हट्टी खेळाडू बोलावणं धुडकावतो, आणि मग पुढच्या चार रविवारांची सोय होते.

हाफलिंगला माळव्यात मला जोडीदार सापडलेला नाही. माळव्यातल्या गेममध्ये मी तो क्लास ठेवत नाही.

पायरी ७: एका पानावर लिहा, फासे टाकण्याआधी वाचून दाखवा

बदललेलं सगळं एका पानात बसलं पाहिजे. नाही बसलं तर तुम्ही नवा गेम लिहिताय. तेही करा, पण पहिल्या महिन्यात नको. कॅरेक्टर बनवायच्या आधी ते पान टेबलावर वाचून दाखवा. चालू कॅरेक्टरचा नियम मध्येच बदलायचा झाला तर खेळाडूच्या फायद्याचाच बदला. तोट्याचा बदल पुढच्या कॅरेक्टरपासून लागू.

तीन-चार बैठकांनंतर दोनच गोष्टी तपासा. टेबलावर माणूस घेणारं कोणी उरलं आहे का? आणि एकाच कॅरेक्टरमुळे बाकीचे हातावर हात ठेवून बसतात का? दोन्ही ठीक असेल तर पान बंद करा.

ज्याला बोलावणं येऊन जावंच लागलं, त्याच्यासाठी १९८१ च्या पुस्तकात मेलेल्या कॅरेक्टरपुरती एक तरतूद आहे, ती यक्षालाही लावा: मालमत्ता वारसाला देता येते. वारस नव्याने बनवलेला पहिल्या लेव्हलचा हवा, सरकार दहा टक्के कापून घेणार, आणि एका खेळाडूला ही मुभा एकदाच.